अठरा डबे, माची पेठेचा चढ आणि नवी ज्युपिटर

मी साताऱ्यात पोळीभाजीचे डबे पोचवते. दुपारी अठरा, रात्री अकरा. माझी उंची चार फूट अकरा इंच, वय ५४, आणि गाडी चालवायला लागून आता बत्तीस वर्षं झाली. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिते आहे ते माझ्या उंचीचं, माझ्या ओझ्याचं आणि आमच्या गावच्या चढउताराचं आहे. सपाट रस्त्यावरून ऑफिसला जाणाऱ्या पावणेसहा फुटी माणसाचं गणित वेगळं असणार.

गेल्या दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ ला, टीव्हीएसची ज्युपिटर ११० ही स्कूटर घरी आणली. डिस्क ब्रेकवाली. आज तिला पाच महिने झालेत आणि काटा २,६०० किलोमीटरवर आहे. एवढी चालवल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. नवी गाडी पहिले पंधरा दिवस सगळ्यांनाच गोड लागते.

आमच्या घरात स्कूटरला मान आहे. सासऱ्यांकडे प्रिया होती. बजाजची प्रिया साताऱ्यात बनायची, १९७५ साली निघालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या एमआयडीसीतल्या कारखान्यात. आपल्या गावात बनलेली गाडी म्हणून सासरे तिला दर रविवारी स्वतः धुवायचे, दुसऱ्या कुणाला फडकं लावू द्यायचे नाहीत. सकाळी ती डावीकडे कलवायची, सरळ करायची, मग किक. आमचे हे तिच्यावरच शिकले. मला मात्र ती कधी जमली नाही. डाव्या हातात क्लच आणि गिअर दोन्ही, आणि थांबलं की पाय पुरायचे नाहीत. मी शिकले लुनावर. लुना हाताशी आली आणि मी पहिल्यांदा कुणालाही न विचारता करंज्याला माहेरी जाऊन आले. आई दारात उभी राहून बघत बसली होती, आधी माझ्याकडे आणि मग लुनाकडे. तेव्हापासून माझ्यासाठी गाडी म्हणजे पाय.

लुनानंतर २०१२ साली स्कूटी पेप प्लस घेतली. ८७.८ सीसीची, वजनाला हलकी. तिच्यावरच डब्यांचा धंदा उभा राहिला. सहा डबे होते तेव्हा ती मजेत चालायची. बारा झाले तेव्हा समर्थ मंदिराच्या चढाला तिचा आवाज बदलला. अठरा झाल्यावर माची पेठेत शेवटच्या दोन डब्यांसाठी मी खाली गाडी लावून चालत वर जायला लागले. गाडीची यात काहीच चूक नव्हती. तेरा वर्षं झाली होती आणि ओझं तिच्या ताकदीबाहेरचं होतं.

ज्यांनी सातारा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं जुनं गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलंय. राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे, तिथून बोगद्याकडे किंवा माची पेठेकडे जायचं म्हणजे चढत जायचं. पोवई नाक्याकडे यायचं म्हणजे उतरत यायचं. त्यात आमचा पावसाळा. जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असा दिवस विरळाच. म्हणून चढाला ओढ आणि उताराला ब्रेक, या दोन गोष्टी मला सगळ्यात आधी बघायच्या होत्या. रंग आणि मीटर नंतर.

चौकशी ऑगस्टमध्येच सुरू केली होती. तेवढ्यात बातमी आली की ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येतोय, २२ सप्टेंबरपासून. तोवर पितृपक्ष होताच, त्यात कोण गाडी घेतंय! आणि २२ तारखेलाच घटस्थापना. ऑगस्टच्या कोटेशनपेक्षा मला साधारण सात हजार कमी पडले. माझ्यासारखीला सात हजार म्हणजे दोन महिन्यांचा गॅस आणि वर गव्हाचं एक पोतं.

इलेक्ट्रिकचा विचार केला नाही असं नाही. मुलगा पुण्याहून रोज फोन करून तेच सांगत होता. त्यावर जीएसटी ५ टक्केच आहे, आपल्याकडे रोड टॅक्सही माफ आहे, आणि बजाजची नवी चेतक २०२० पासून बाजारात आहे. दिवसाचे माझे वीस किलोमीटर, म्हणजे खरं तर माझ्यासाठीच केलेली गाडी. पण आम्ही राहतो यादोगोपाळ पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, आणि गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते. वायर कुठून सोडू? ज्यांच्याकडे स्वतःचा मीटर आणि खाली हक्काची जागा आहे त्यांनी बिनदिक्कत इलेक्ट्रिक घ्यावी. आमच्याकडे ती सोय होईल त्या दिवशी मीही घेईन.

राहिल्या पेट्रोलच्या. अॅक्टिव्हा, अॅक्सेस आणि ज्युपिटर, तिन्हींवर बसून आले. इथे एक गोष्ट कळली ती आधी कुणी सांगितली नव्हती. कागदावर या सगळ्यांच्या सीटची उंची ७६० ते ७७५ मिलिमीटरच्या मध्ये आहे. माझी जुनी स्कूटीही त्याच मापात बसते. तरी स्कूटीवर माझे पाय पूर्ण टेकायचे आणि यातल्या एकीवर फक्त चवडे. कारण सीटची रुंदी. सीट पुढच्या बाजूला रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढाच पाय वर उचलला जातो. म्हणून बुटक्या बायकांनी उंचीचा आकडा वाचून निर्णय करू नये. रोजची चप्पल घालून जावं, पुढे सरकून बसावं आणि दोन्ही टाचा खाली आणून बघाव्यात. मी साडीत एकदा आणि पंजाबी ड्रेसमध्ये एकदा, असं दोनदा बसून बघितलं. साडीत अंदाज वेगळा येतो.

अॅक्सेस १२४ सीसीची, तिची ओढ खरंच छान आहे. अॅक्टिव्हाचा तर प्रश्नच नाही, साताऱ्यात कुठल्याही गॅरेजवाल्याला डोळे मिटून उघडता येईल अशी गाडी. माझा कौल ज्युपिटरकडे गेला तो तीन कारणांनी. पहिलं, पेट्रोल. नव्या ज्युपिटरची टाकी पायाखालच्या फ्लोअरबोर्डच्या आत आहे आणि पेट्रोल भरायचं तोंड पुढे, गुडघ्यांसमोर. स्कूटीला सीट उघडून भरावं लागायचं. म्हणजे पंपावर उतरा, सीटवरची पिशवी काढा, सीट उघडा, मागचा माणूस हॉर्न वाजवतोय, आणि डब्यांना पेट्रोलचा वास लागू नये म्हणून जीव खाली-वर. आता डब्यांना हातही लावावा लागत नाही.

दुसरं कारण डिकी. टाकी तिथून निघाल्यामुळे सीटखाली मोठी जागा झाली आहे, कंपनी ३३ लिटर सांगते. माझ्या भाषेत सांगायचं तर दोन कप्प्यांचे सहा डबे उभे राहतात. तीन कप्प्यांचे उभे ठेवले तर सीट दाबून लावावी लागते, म्हणून ते मी पायाशी ठेवते. खाली इंजिन असल्यामुळे डिकी कोमट असते. पोळी आणि भाजीला ते चांगलंच. पण कोशिंबीर, दही, ताक तिथे ठेवायचं नाही. ते हुकाला लावलेल्या पिशवीत.

तिसरं कारण चाकं. ज्युपिटरची पुढची-मागची दोन्ही चाकं बारा इंची. बऱ्याच स्कूटरना पुढे बारा आणि मागे दहा असतं. मोती चौकातले खड्डे आणि गटारांच्या जाळ्या मोठं चाक जास्त सहज ओलांडतं. डब्यातली आमटी सांडते की नाही यावरून मला हे लगेच कळतं.

आता ट्रायलची गोष्ट, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. पहिल्या शोरूममध्ये गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, इथून त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या." कोपरा दोनशे मीटरवर, रस्ता सपाट. मी म्हटलं, बाळा, मला माची पेठेचा चढ चढून बघायचाय, आणि डबे घेऊन. तो हसला नाही, पण एवढ्या लांब गाडी सोडत नाही म्हणाला. मी नमस्कार करून निघाले. दुसऱ्या शोरूममध्ये एक मुलगी होती, माझ्या मुलापेक्षाही लहान. तिने साहेबांना विचारलं आणि म्हणाली, "चला मावशी, मी मागे बसते."

दुसऱ्या दिवशी दुपारचे डबे उरकल्यावर मी अठराच्या अठरा डबे पाण्याने भरून घेऊन गेले. पाण्याने, कारण रिकामे डबे ठेवून वजनाचा अंदाज येत नाही. सहा डिकीत, आठ पायाशी दोन पिशव्यांत, चार हुकाला, आणि मागे ती मुलगी. राजवाड्यावरून समर्थ मंदिर, आणि तिथून वर. चढाच्या मध्ये मी मुद्दाम थांबले. ब्रेक दाबून, दोन्ही पाय खाली टेकून. मग ब्रेक हळूहळू सोडत अॅक्सिलरेटर दिला. गाडी मागे आली नाही, पुढचं चाक डगमगलं नाही, निघाली. जोराने अॅक्सिलरेटर दिला की बॅटरीची थोडी मदत मिळते, कंपनी त्याला आयगो असिस्ट म्हणते. ११३.३ सीसीचं इंजिन आणि ही मदत, दोन्ही मिळून माझं काम भागलं. ज्या वळणावर मी तेरा वर्षांच्या स्कूटीला दम खायला थांबवायची, तिथून मी न थांबता वर गेले. वर पोचल्यावर मी गाडी बंद केली आणि दोन मिनिटं नुसती उभी राहिले. ती मुलगी पण काही बोलली नाही.

उतरताना डिस्क ब्रेक बघितला. एकटा डावा ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना थोडा-थोडा लागतो, ही सोय एप्रिल २०१९ पासून या मापाच्या सगळ्या नव्या गाड्यांना बंधनकारक आहे. ड्रम ब्रेकचं मॉडेल सात-आठ हजारांनी स्वस्त होतं आणि सपाट गावात मी तेच घेतलं असतं. ओल्या उतारावर, पायाशी डबे घेऊन, मला डिस्क हवा होता.

उतारावरून आठवलं. आमचे जुने मेकॅनिक मामा, ज्यांनी तेरा वर्षं स्कूटी सांभाळली, त्यांनी दोन गोष्टी बजावल्या आहेत. बिनगिअरच्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकाला रबरी बेल्टने जाते आणि शेवटी क्लचचे शू, म्हणजे आतले घासून पकडणारे तुकडे, पकड घेतात. इंजिनाचा वेग कमी झाला की शू सुटतात आणि गाडी मोकळी घरंगळते. म्हणून पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी बंद करून सोडायची नाही, कधीच नाही. आणि चढावर थांबताना अॅक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवायची नाही, शू जळतात, ब्रेकवर धरायची. त्यांनी उघडलेल्या गाडीतला झिजलेला शू माझ्या हातात ठेवला होता, नख लावलं तर काळी पूड निघाली. आता मी चढावर ब्रेकच धरते.

वजन हीच माझी खरी धास्ती होती. स्कूटी पंच्याण्णव किलोच्या आत, ही एकशे पाचच्या आसपास. दहा किलोंनी काय होतं असं वाटेल, पण दिवसातून चाळीस वेळा गाडी लावायची असते. मधल्या स्टँडवर घ्यायला मला त्या मुलीनेच शिकवलं. मी आजवर मागची कडी धरून गाडी वर ओढायचे, आणि कंबर धरायची. ती म्हणाली, ओढायचंच नाही. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कडीवर. स्टँडच्या दांडीवर उजवा पाय ठेवून आधी हळूच दाबायचं, स्टँडची दोन्ही टोकं जमिनीला लागलेली पायाला कळतात, टक् टक् अशी दोन. मग त्या दांडीवर चक्क उभं राहायचं, सगळं अंग त्या पायावर. गाडी आपोआप मागे सरकून वर बसते. हातांनी फक्त दिशा द्यायची. पहिल्या दिवशी सात वेळा केलं, आठव्यांदा जमलं. बत्तीस वर्षांत मला हे कुणी दाखवलं नव्हतं. डबे असतील तेव्हा हेच स्टँड लावा. साइड स्टँडवर गाडी कलते आणि आमट्या एका बाजूला येतात.

पैशांचं सांगते. कोटेशन घरी आणून मी ओळ-ओळ वाचलं. रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा, नंबरप्लेट समजण्यासारखं होतं. त्याखाली 'हँडलिंग' म्हणून एक रक्कम, आणि 'अॅक्सेसरीज' म्हणून आणखी एक, ज्यात फूटमॅट, सीट कव्हर, गार्ड आणि पॉलिश सगळं एकत्र बांधलेलं. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण त्या मुलीने माझ्याशी फार चांगलं वागून दाखवलं. पण काउंटरवर गेल्यावर मी विचारलं की हँडलिंग म्हणजे नेमकं काय, आणि पावतीवर तसं लिहून द्याल का. थोडा वेळ आत-बाहेर झालं आणि ती ओळ कापली गेली. अॅक्सेसरीजमधून फक्त साडीगार्ड आणि फूटमॅट ठेवली. हेल्मेट गाडीसोबत द्यायचं असतं, ते मागून घेतलं, आयएसआयचा शिक्का बघून.

विम्याचंही तेच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, घ्यावाच लागतो, २०१८ पासून. पण तो शोरूमकडूनच घ्यायला हवा असं नाही. आमच्या पेठेतल्या एजंटकडून सगळा विमा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि झीरो डेप्रिसिएशनसकट (म्हणजे भरपाईतून पार्टची झीज कापत नाहीत), अकराशे रुपयांनी कमी पडला. सगळं मिळून ऑन-रोड एक लाखाच्या थोडं वर गेले. त्यात निम्मे साठवलेले, निम्मे महिला बचत गटाचे. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो आणि आजवर एकही चुकला नाही.

दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये जत्रा होती. सकाळी दहाची वेळ दिली होती, गाडी हातात आली संध्याकाळी चारला. मुहूर्त गेला त्याचं मला वाईट वाटलं, लपवत नाही. पण जास्त खटकलं ते वेगळंच. गर्दीत गाडी न तपासता देत होते. मागच्या टायरात हवा एवढी कमी की बोटाने दबत होता, आणि उजवा आरसा सैल. मी तिथेच उभी राहून हवा भरून घेतली, आरसा घट्ट करून घेतला, चासी नंबर कागदाशी ताडून बघितला, गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते विचारलं. मागे लोक खोळंबले होते, तरी मी हलले नाही. सणाच्या दिवशी गाडी घेणाऱ्यांनी एक दिवस आधी जाऊन हे सगळं बघून यावं, सणाला फक्त हार घालायला जावं.

जुन्या स्कूटीचे शोरूमवाले एक्सचेंजमध्ये आठ हजार देत होते. ती मी माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या वहिनींना त्याच आठ हजारांत दिली, महिन्याला हजार कापून. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी रीतसर त्यांच्या नावावर केली. हे न करता गाडी देऊ नका, उद्या काही झालं तर नाव तुमचंच निघतं. त्या आता सहाचे सहा दिवस वेळेवर येतात, पावसातसुद्धा.

रोजच्या वापरात काय दिसलं? अॅव्हरेज मी मोजलं, टाकी फुल करून, पुन्हा फुल करेपर्यंतचे किलोमीटर वहीत लिहून. चार वेळा मोजलं. डबे लादून, चढउतारासकट, ४५ ते ४८ पडतं. स्कूटी तरुण असताना याहून जास्त द्यायची, पण तिच्यावर सहाच डबे होते. दुपारची फेरी आधी सव्वादोन तासांची होती, ती आता पावणेदोन तासांत होते. माची पेठेतल्या आजींचा डबा, जो शेवटी पोचून गार व्हायचा, तो आता वाफेसकट पोचतो. त्यांनी पहिल्या दिवशी झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "आज लवकर सुटली का गं शाळा?" त्या शिक्षिका होत्या.

मीटरवर मोबाइल जोडता येतो, मी जोडलेला नाही. दिवा चांगला पडतो, बोगद्याकडच्या अंधाऱ्या रस्त्याला रात्रीच्या फेरीत उपयोगी पडतो. सीट लांब आहे, हे मागे बसले तरी दोघांना पुरते. पहिली सर्व्हिसिंग वेळेत केली, दुसरीही झाली. पावसाळा अजून तिने पाहिलेला नाही. जूनमध्ये ओल्या उतारावर अठरा डब्यांनिशी ब्रेक कसे लागतात ते मी पुन्हा लिहीन.

साताऱ्यात कुणा बुटक्या मैत्रिणीला बसून टाचा टेकतात का बघायचं असेल, तर दुपारी तीन ते साडेसहा गाडी मोकळी असते. मधला स्टँडही दाखवीन.